निम्मंच निघतं

कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, गिअरबॉक्सचं तेल बदलावं लागत नाही,
आयुष्यभर पुरतं.
"कुणाच्या?" असं ह्यांना विचारायचं होतं.
शब्द ओठांवर येईपर्यंत
सर्व्हिस सेंटरचा पोरगा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला.

म्हणून रविवार दुपार, मुलुंड पूर्व, बिल्डिंगखालचं पार्किंग.
दोन चाकं विटांच्या रॅम्पवर, दोन फळ्यांवर, गाडी सपाट.
मी फ्रिजच्या पुठ्ठ्यावर उताणी,
अंगात ह्यांचा कारखान्यातला खाकी शर्ट,
आणि हे प्लास्टिकच्या खुर्चीत.
डावा हात मांडीवर ठेवलाय.
म्हणजे मी ठेवलाय.

आठ वर्षांपूर्वी गाडी घेतली ती माझ्यासाठी,
मला क्लच जमेना म्हणून.
तेव्हा केवढे हसले होते,
डाव्या पायाला रिकामटेकडं बसवणारी गाडी म्हणे!

"आधी... वरचा बोल्ट," हे म्हणतात.
"भरायचा. तो सुटला... तर खालचा."
भरायची वाट मोकळी झाल्याशिवाय
रिकामं करायला घ्यायचं नाही.
वरचा सुटत नाही. पाना घसरतो, बोटाचं साल निघतं,
मी एक शिवी देते, जी मला येते हे ह्यांना माहीत नव्हतं.
खुर्चीतून हसू येतं, तिरकं, एका बाजूचं.
बोल्ट सुटतो.

सेक्रेटरी टिपणीस खाली आले.
पार्किंगमध्ये दुरुस्ती करू नये, ही नोटीस त्यांच्याच अक्षरात
माझ्या डोक्यामागच्या खांबावर.
"बाहेर किती सांगतात?"
"अकरा हजार."
थोडा वेळ उभे राहिले.
मग वाकून टॉर्च धरला त्यांनी, कमरेवर हात ठेवून.

नवीन तेल कोकमाच्या आगळासारखं असतं.
हे आलं ते गॅसवर विसरलेल्या चहासारखं,
आधी भळभळ, मग धार, मग थेंब,
मग थेंब पडेल म्हणून वाट बघणं.
तळातलं लोहचुंबक काढून ह्यांच्या हातात दिलं.
त्यावरची राखाडी लव उजव्या अंगठ्याने चोळली,
तीस वर्षं लेथवर कीस ओळखलेल्या अंगठ्याने.
"पूड आहे. कपची नाही."
एवढं वाक्य एका दमात. जानेवारीपासून पहिल्यांदा.
मी टिपणिसांकडे बघितलं. त्यांना काय कळणार.

मापलं. पाण्याच्या साडेतीन बाटल्या.
आत असतं सात लिटर.
बाकीचं कन्व्हर्टरमध्ये, तिथून बाहेर यायला वाट नाही.
तेवढंच नवीन ओतायचं, मोजून,
जुन्यात मिसळू द्यायचं, दोनशे किलोमीटर चालवायचं,
पुन्हा काढायचं. पुन्हा निम्मंच निघतं.
"तीनदा," हे म्हणाले. "मग... बरं होतं. बरंचसं."

बोल्ट आवळले. नवे वॉशर, कुर्ल्याहून आणलेले, वीस रुपयाला एक.
गाडी चालू केली, पाय ब्रेकवर,
प्रत्येक गिअरमध्ये पाच सेकंद थांबायचं.
मोजायचं काम ह्यांचं.
फिजिओवाली जेसल रोज मोजायला लावते तसं.
रिव्हर्समध्ये पाच झाले. न्यूट्रलमध्ये पाच.
ड्राइव्हमध्ये तीनपाशी अडले.
मी पुढचा आकडा सांगितला नाही.
टिपणिसांनी तोंड उघडलं, मी मान हलवली.
इंजिन गुरगुरत राहिलं, तेल कुठल्या कुठल्या नळीतून फिरत राहिलं,
खांबावर टॉर्चचा उजेड हलत राहिला.
"चार," हे म्हणाले.

रात्री ऐरोलीच्या पुलापर्यंत जाऊन आलो.
खाडीचा वास होता, काचा खाली.
पहिल्यातून दुसरा कधी पडला मला कळलं नाही,
दुसऱ्यातून तिसराही नाही.
पण शेजारी, गुडघ्यावर, उजव्या हाताचं एक बोट
दर वेळी टिचकी मारत होतं.