पान उलटून बघा

मोकोकचुंगला डिसेंबरात साडेचारलाच दिवे लागतात.
शेवटचा तास माझा, नेच्यांचा.
मागच्या बाकावर मोआतोशी :
तीन वर्षांत हजेरीपलीकडे
एक शब्द नाही.

तोच रात्री अकरा चाळीसला
माझ्या उशाशी उजळतो.
"मॅम, हे कुठलं?"
दगडाच्या फटीतलं पान, शेजारी अंगठ्याचं नख,
आकार कळावा म्हणून. (हे मीच शिकवलेलं.)
मी चष्मा शोधला, मग घड्याळ पाहिलं,
आणि उत्तर सकाळी सहाला दिलं,
बाई वेळेवर झोपतात असं वाटावं म्हणून.

गुवाहाटीला माझ्या सरांच्या दाराशी
एका सहीसाठी मी तासभर उभी होते.
कडी वाजवायला हात वर जाई, खाली येई.
आतून भांड्यांचा आवाज आला
तेव्हा पहिल्यांदा कळलं
की सर जेवतात.

ह्या मुलांना माझं सगळं ठाऊक.
चर्चच्या गायनात मी दुसऱ्या रांगेत,
आई गेली त्या तारखेला मी काय लिहिलं,
काल किती वाजेपर्यंत जागी होते.
"झोपला नाहीत अजून?" कुणीतरी विचारतं
आणि मला राग येतो,
पण नेमका कशाचा, ते शोधता शोधता
उजाडतं.

मग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
तिसऱ्या वर्षाच्या ग्रुपवर मी पडले.
स्टिकर होऊन.
तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले,
हातात नेचा, वारा घालायच्या पंख्यासारखा,
खाली माझंच वाक्य, जे मी वर्षातून दोनशेदा म्हणते :
पान उलटून बघा.

सहा सेकंदांत ते नाहीसं झालं.
संदेश काढून टाकला आहे.
नाव तेवढं राहिलं : मोआतोशी.

भाचीकडे ते कधीचंच होतं.
अख्ख्या कॉलेजकडे होतं.
मी तिच्याकडून मागून घेतलं,
आरशात बघतात तसं बघितलं.
नाक बाकी हुबेहूब आलंय.

दुसऱ्या दिवशी तो बाक रिकामा.
तिसऱ्याही.
चौथ्या रात्री, बाराला दहा कमी,
त्याच्या नावाखाली तीन ठिपके उठले,
विझले, पुन्हा उठले.
हा हात मी ओळखते.
कडीपर्यंत जाऊन खाली येणारा.

काय लिहावं सुचेना.
मी तेच स्टिकर त्याला पाठवलं.

दोन निळ्या खुणा.
बराच वेळ काही नाही.
खाली कुणाचा तरी कुत्रा भुंकून दमला.
मग एक फोटो : डिसेंबरातलंच ते पान, आता वाळलेलं,
पालथं,
मागे तपकिरी टिपक्यांच्या दोन रांगा
अंधुक, हात हलल्यासारख्या.

सोमवारी तो आला. त्याच बाकावर.
"प्रेझेंट, मॅम."
मी हजेरीपटातून मान वर केली नाही.
दोघांपैकी एकाला तरी
हसू आलं असतं.