दीड मैल

मार्चअखेर. क्रेगमध्ये अजून नाल्यांच्या कडेला
बर्फ काळा पडून चिकटलेला.
व्हर्नाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला,
कोपऱ्यांवर हाताला लागेल ते ठेवलं:
मीठदाणी, चष्म्याचं घर, काडतुसांचा डबा
आणि माझा चहाचा मग.

हिरवं ते फॉरेस्टचं, पिवळं ते सरकारचं,
पांढरं कुणाचं तरी.
पांढऱ्यात पाय ठेवायचा नाही.
जखमी जनावर पांढऱ्यात शिरलं तर आधी दार वाजवायचं,
आणि दार उघडेलच असं नाही.

मी म्हटलं, म्हणजे गायरान.
माझे वडील गडहिंग्लजला मोजणी खात्यात होते,
साखळी ओढत बांधाबांधाने फिरायचे.
गायरानाशी आले की थांबून म्हणायचे,
सातबाऱ्यावर सरकार, पायाखाली सगळे.
हे मला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही.
तिने गायरान हा शब्द दोनदा म्हणून पाहिला
आणि पेन्सिलीने पिवळ्यावर लिहून टाकला,
तिच्या स्पेलिंगने.

मग वारा.
पहाटे तो उतारावरून खाली सरकतो, उन्हं तापली की वर चढतो.
म्हणून सकाळी एल्कच्या खालून जायचं, दुपारी वरून.
चुकलो तर डोंगरभर आपल्याच घामाची दवंडी.

एल्क म्हणजे सांबराचं थोरलं भावंड,
आईला मी फोनवर सांगते.
बैलाएवढं अंग, मांजरीची पावलं.
आणि तू काय करणार तिथे, ती विचारते.
हमाली, म्हणते मी. बंदुकीला हात लावणार नाही.

व्हर्नाचा गुडघा गेल्या वर्षी बदलला.
क्लाइड त्याच्या आदल्या वर्षी गेला,
टॅगसाठी साठवलेले त्याचे अकरा पॉइंट
त्याच्याबरोबर गेले.
पॉइंटांना वारस लागत नाही,
ऑफिसातला पोरगा म्हणाला होता, हळू आवाजात,
कॉम्प्युटरकडे बघत.

एक मादी. हाडं सोडवून एकशेसाठ पौंड.
माझ्या पाठीवर चाळीस, तिच्या वीस.
तीन खेपा.
दीड मैल आत गेलो तर जाऊन-येऊन नऊ मैल.
चढ वेगळा. बर्फ पडला तर बोलायलाच नको.

शाळेच्या बसमध्ये कुणी पोर विसरलेला कंपास
तिने ड्रॉवरमधून काढला,
ट्रक उभा करायच्या जागी टोक रोवलं
आणि वर्तुळ काढलं.
क्लाइडचा अ‍ॅस्पनचा टप्पा बाहेर राहिला,
साडेतीन मैलांवर.
तिथे तिने बोट ठेवलं. बराच वेळ.
इथे आता फक्त दुर्बिणीने, म्हणाली.

वर्तुळाबाहेर कितीही देखणं जनावर दिसो,
बंदूक खाली.
हे आत्ताच ठरवायचं, इथे, टेबलापाशी.
तिथे गेल्यावर
ठरवणारं माणूस वेगळं असतं.

टॅग लागलं की नाही ते कळायला जून उजाडेल.
तरी तिने मला गॅरेजमध्ये नेलं,
पाण्याच्या मशीनला लागणाऱ्या मिठाची गोणी,
बरोबर चाळीस पौंड,
माझ्या पाठीवर पट्ट्यांनी आवळली.
रस्त्याच्या टोकाला लाल टपालपेटी आहे, तिथवर जा.

समोरच्या घरात पडदा हलला.
खांदे जळायला लागले ते परतीच्या वाटेवर.
व्हर्ना दारात उभी होती, घड्याळ बघत,
ऑपरेशनच्या पायावर भार न देता.
गोणी उतरवायला मी पट्ट्याला हात घातला.

अजून दोनदा, ती म्हणाली.