बिनभाड्याचं

पॅकर्सवाल्याने पठाणकोटपर्यंतचे अठ्ठावन्न हजार सांगितले.
मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

आमची ही सहावी बदली.
पहिल्या वेळी पाटा-वरवंटासुद्धा नेला होता,
हसू नका, वजनावर भाडं भरलं होतं त्याचं.

आता पिंपळगावहून द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या आणते,
आतल्या कागदासकट.
घड निजायचा तिथे कपबशी निजते.
मोठ्या पातेल्यात लहान, लहानात मसाल्याचा डबा,
डब्यात धाकटीचे पडलेले दात.
देवळालीच्या रेंजवर तोफ वाजते,
खिडकीची तावदानं थरथरतात.
मी पेटीला कान लावते.
किणकिण नाही. म्हणजे जमलं.

कपाट इथेच ठेवतेय, नव्याने येणाऱ्या थोंबरे वहिनींना.
तिकडे क्वार्टरमध्ये हरलीन कौरचं कपाट आहे माझ्यासाठी.
फोनवर म्हणाली, डावं दार जरा उचलून लावा.

बाकीचं कांद्याच्या ट्रकवर,
सायखेड्याचा ड्रायव्हर, पुढची अर्धी गाडी लासलगावची,
मागची आमची.
एकवीस हजार. त्यातही पाचशे सोडले त्याने.

खैरनार ट्रंकेवरचं युनिटचं नाव खरवडतात.
खाली आधीचं निघतं,
त्याच्याखाली, पुसट, आणखी एक.
रंग ओला असेपर्यंत कुणी काही बोलत नाही.

पोचल्यावर आठवडाभर
गाद्यांना कांद्याचा वास येईल.
येऊ दे.
एवढं नाशिक
बिनभाड्याचं.