चुकांची यादी

नागपूरहून आलेला माणूस म्हणाला, मॅडम,
हा प्रोसेसर घ्या, आठ कोअरचा,
याच्यावर सिनेमासुद्धा चालतो.
मी म्हटलं, सिनेमा नको.
आम्हाला एक दार थांबवायचंय.

वडनेरच्या जिनिंगमध्ये, रेच्यांच्या पलीकडे,
गाठी बांधायच्या प्रेसचं लोखंडी दार.
गुणवंता कुबडे तिथे एकोणीस वर्षं फिटर.
उजव्या हाताला अंगठा आणि दोन बोटं,
बाकीची याच दाराला माहीत.
पहिल्याच दिवशी म्हणाला होता,
"किती जोरात चालते थे नोको सांगू, बाई.
थांबते का नाही, थे सांग."

महिनाभर मी पत्रकं वाचली.
मे महिना. शेडमध्ये सत्तेचाळीस,
पॅनलच्या पेटीत साठच्या वर.
सगळे रेचे एकदम सुरू झाले
की अर्ध्या गावाचे दिवे डोळे मिटतात,
आणि रुई शिरते कुठेही:
चहात, पापण्यांत, कनेक्टरच्या दातांत.
इथे टिकेल कोण?
आणि दहा वर्षांनी जळला, तर तसाच दुसरा मिळेल?

मला पटला तो जुना होता, मंद.
दोन कोअर, आणि दोघांना काम एकच.
नागपूरचा हसला, म्हणजे अर्धा वाया!
तो कधी काट्याजवळ उभा राहिला नसावा.
एक जण आकडा वाचतो, दुसरा तोच पुन्हा म्हणतो,
लाभ, दोन, तीन,
आणि दुसऱ्याच्या तोंडून वेगळं निघालं
की काट्यावरचं काही हलत नाही.
माझा दुसरा कोअर दोन पावलं मागून येतो,
वीज लचकलीच तर दोघं
एकाच जागी ठेचकाळू नयेत म्हणून.

रात्री राखणदार तासातासाला
रुळाच्या तुकड्यावर टोला देतो.
मालक त्या टोल्यांत गाढ झोपतो,
जागा होतो टोला चुकला तरच.
असा एक झोपलेला मालक
मी चिपच्या शेजारी बसवला.
त्याचे तास फार लहान.
टोला आला नाही तर तो हाका मारत नाही,
सरळ प्रेसचा दाब सोडून देतो.

तरी निवड झाली ती भलत्याच कागदावरून.
वेगवान चिपच्या माहीत असलेल्या दोषांची यादी: दीड पान.
माझ्या चिपची: एक्केचाळीस.
घड्याळ कधी मागे पडतं,
कुठल्या हुकुमामागून कुठला हुकूम देऊ नये,
सगळं लिहिलेलं, तारखांसकट.
गुणवंताला इंग्रजी येत नाही. त्यानं पानं मोजली.
"ज्याची यादी लहान," तो म्हणाला,
"थ्यानं पाह्यलंच नाही, का पाहून लपोलं?"
हा प्रश्न कुठल्याच पत्रकात नव्हता.

दसऱ्यानंतर हंगाम लागला.
आधी पऱ्हाटीची काडी घातली दारात.
दार थबकलं. काडी शाबूत.
मग गुणवंतानं डावा हात पुढे केला,
मी ओरडणार तेवढ्यात मागे घेतला, हसला.
"येवढा भरोसा मी कोणावरच नाही ठेवत."

डिसेंबरात एका दुपारी दार आपलं आपणच थांबलं.
आत कोणाचा हात नव्हता, काडीही नव्हती.
नोंदीत एवढंच: दोघांचं जुळलं नाही.
का, ते कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.
अकरा गाठी राहिल्या, ट्रक उभा राहिला,
शेटजी चपला वाजवत आले,
काय झालं, काय झालं?
"काहीच नाही झालं," गुणवंता म्हणाला,
आणि ओट्यावरची रुई झाडून
तंबाखू मळायला बसला.

रात्री मी यादी काढली.
एक्केचाळिसाव्या पानाची मागची बाजू कोरी होती.
तिथे पेन्सिलीनं तारीख लिहिली,
वेळ लिहिली,
आणि पुढे जागा सोडली.