पाणी किती

हेलेद ‘कसे आहात’ विचारत नाही.
मी यायच्या आधी ट्यूबलाइट बंद करते,
ती गुणगुणते म्हणून. बावन्न वर्षांत
हे दुसऱ्या कुणाला ऐकूच आलं नव्हतं.
मग विचारते, “एम्रिस, पाणी किती?”
चार मीटर सत्तावीस. धक्क्यावर, सात चाळीसला.
याचं उत्तर मला देता येतं.

अबरिस्टविथमधली खोली, खाली खिळ्या-स्क्रूंचं दुकान,
जमिनीवर वॉलपेपरचा गुंडाळा, उलटा पसरलेला.
एका टोकाकडून मी भरती-ओहोटी काढतो,
दुसऱ्याकडून ती काहीतरी.
पहिल्यांदा माती आणली होती तिने. हाताला चिकटली.
मी तासभर नळाखाली,
ती शेजारी, टॉवेल धरून, न बोलता.

नोव्हेंबरात तिची रेघ माझ्या रेघेवरून गेली.
मी कोट उचलला.
तीन मंगळवार गेलो नाही.
तीन पोस्टकार्डं आली, नुसता आकडा लिहिलेली.
एकावरचा नऊ सेंटिमीटरने चुकलेला.

तेवढं सांगायला परत गेलो.
कागद तसाच. गुडघ्यांवर बसून
तिची रेघ पट्टीने मोजली, सगळी.
“ही चूक नाही,” म्हणालो. “फक्त माझी नाही.”
ती हसली का, पाहिलं नाही.
तिथे पाहावं लागत नाही.

कोण किती पाण्यात, ते लोक म्हणे
बघूनच ओळखतात. मला मोजावं लागतं.
काल मीच विचारलं,
“तुमच्याकडे पाणी किती?”
बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “आज कमी.”

मी लिहून घेतलं.
तारीख घातली.