विहिरी खणणारा वावरा

नेब्रास्कात तेव्हा सावलीला झाड नव्हतं.
ढेकळांच्या भिंती, छपरावर गवत,
चुलीत वाळल्या शेणी.
पाणी मोजायचं ते परसांनी, खाली.

इग्नात्स वावरा बोहेमियातून आला.
नावात वावर होतं, नावावर नव्हतं.
एक फावडं, एक रहाट आणि कान.
जमिनीला कान लावून तो गप्प पडून राही.
लोक म्हणत, झोपला.

लोहार मॅलाकीची विहीर अकरा परस.
मजुरी: कुदळीला आयुष्यभर फुकट धार.
गुनहिलबाईची सोळा. तिनं पाव पोतं राय दिली,
बाकी पुढच्या सुगीला.
पुढची सुगी टोळांनी नेली.
दुकानदार क्लाउसनं रोख मोजले
आणि तंबाखूच्या उधारीत तिथंच वळते करून घेतले.

बायको लुडमिला मात्र
मैलभरावरच्या ओढ्यातून बादल्या आणायची.
“आपली कधी?”
“एवढं काम उरकलं की.”

कौंटीच्या कचेरीपुढे, बाविसाव्या परसाला,
कड ढासळली.
मॅलाकीनं दोर ओढला.
दोरच वर आला.

वसंतात सगळे जमले, गुनहिलसुद्धा,
लुडमिलाच्या दारात खणायला.
क्लाउसनं फावडी पाठवली, भाड्यानं नव्हे.
तीन खड्डे कोरडे गेले.
चौथ्याची जागा कोणालाच सांगता येईना,
ज्याला आली असती तो कचेरीखाली.

तेव्हा ती आडवी झाली, मातीला कान टेकला.
टोप्या काढून पुरुष बाजूला सरले,
त्यांना वाटलं, रडतेय.

“गप्प बसा जरा,” ती म्हणाली.
मग बोटानं दाखवलं, इथं.

नऊ परसांवर लागलं.
किंचित मचूळ.