दिवे लावणे

नॉर्वेच्या पार टोकाला, आमच्या वार्डो गावात,
नोव्हेंबर संपत आला की सूर्य दुकान बंद करतो.
पाटी लावत नाही. उघडायची तारीख सगळ्यांना पाठ.

त्याच आठवड्यात आर्नफिनने टाकीवरचा
जुना मेटल हॅलाइड उतरवला.
चौदा वर्षं तापत होता तो,
वीज खायचा ट्रॉलरवरच्या भट्टीसारखी,
आणि त्याच्या पत्र्यावर मांजर झोपायचं.
एलईडी गार असतात म्हणे.
मांजराला कुणी विचारलं नाही.

मग महिनाभर जेवणाच्या टेबलावर ताटाला जागा नाही.
आलेख, तक्ते, माझ्या चष्म्याच्या डबीत त्याचे स्क्रू.
एका दिव्याचं भिंग साठ अंशांचं, दुसऱ्याचं नव्वद,
एकाला पंखा, एकाला नाही,
एकाची किंमत तर होडीच्या इंजिनाएवढी.
मी म्हटलं, एवढं वाचून
काय दिवे लावणार आहेस?
तो म्हणाला, दिवेच.

घेतला त्याने पांढरा. भर दुपारचा.
बटण दाबलं आणि खोलीत जुलै आला.
मी विणकाम घेऊन टाकीशी बसले.
शेजारची ओडलाउग थर्मास घेऊन आली
ती उठेचना.
बाहेर दुपारी बारा वाजता मध्यरात्र,
आत आम्ही तिघं पाय पसरून
ऊन खात होतो,
प्रवाळांचं ऊन, त्यांना न विचारता.

तेराव्या दिवशी एका फांदीचं टोक पांढरं पडलं.
मग शेजारचं.
जांभळा उतरत गेला, धुऊन धुऊन विटलेल्या स्वेटरसारखा.
काचेवर शेवाळ मात्र माजलं.
आर्नफिन उजेड आणखी वाढवायला निघाला:
फिकट झालीत म्हणजे उपाशी असणार बिचारी.
आम्ही फिकट पडतो तेव्हा
तेच कारण असतं ना.

शिवनेसन आला तो कारखान्यातून थेट,
बाह्यांना कॉडचा वास.
मन्नारच्या आखाताकाठी वाढलेला,
बत्तीस वर्षं आमच्या गावात मासे कापतो.
टाकीकडे पाहिलं त्याने, मग आमच्याकडे,
आमच्या लालबुंद, सुखावलेल्या तोंडांकडे.
हा तुमचा सूर्य आहे, म्हणाला. यांचा नाही.

माझा बाप शंखांसाठी बुडी मारायचा.
कमरेच्या दोरीला लाल चिंधी.
होडीतून लाल. सात वाव खाली
काळी.
पाणी आधी तांबडं खातं, मग नारिंगी, मग पिवळं.
निळं उरतं.
त्या उष्ट्या उजेडावर यांची
डोंगराएवढी घरं उभी राहतात.

पांढरा परत गेला, निम्म्या पैशांत.
आता निळा, त्याच्या पोटात गडद निळा,
आणि दिसेल न दिसेल असा जांभळा.
पांढरं नावाला, कालवणातल्या मिठाइतकं.
वीतभर उंच टांगलेला,
सुरुवातीला शंभरातले वीस,
पुढे आठवड्याला चार. घाई नाही.

त्या उजेडात आर्नफिनचे दात हिरवट दिसतात
आणि माझे हात बुडून मेलेल्या बाईचे.
ओडलाउगने थर्मास उचलला, घरी गेली.
बंदरावरची पोरं खिडकीकडे बघून विचारतात,
आत बार आहे की दवाखाना?
मांजर रेडिओवर झोपतं. तोही फारसा तापत नाही.

एका सकाळी, म्हणजे टायमर म्हणाला म्हणून सकाळ,
पांढऱ्या टोकावर
मोहरीएवढा जांभळा ठिपका.
आर्नफिनने मला हाक मारली नाही,
नुसता बाजूला सरकून उभा राहिला.

जानेवारीत किल्ल्यावर तोफ झाली.
सूर्याची अख्खी चकती दिसली, शाळा सुटली.
टाकीवर थेट ऊन पडू नये म्हणून
आर्नफिनने आधी पडदा ओढला,
मग बूट शोधले.

तटाशी सगळं गाव तोंड वर करून.
सूर्य बुटका, क्षितिजाला टेकलेला,
त्यात निळं जवळजवळ नव्हतंच.
तांबडं, नारिंगी, पिवळं,
पाणी जे आधी खाऊन टाकतं
ते सगळं आमच्या वाट्याला.

शिवनेसनने टोपी काढली होती,
उणे अकरात.
ओडलाउग म्हणाली, कान जातील तुझे.
त्याने डोळे उघडले नाहीत.